अकरावी ओळ

सकाळी साडेनऊला काबानच्या, म्हणजे मेपलचा रस आटवायच्या रानातल्या खोपटाच्या, दारावरच्या थर्मामीटरचा काटा शून्याच्या वर सरकला, आणि गिलेननं वाटाण्याच्या सूपमधला डाव तसाच सोडून बाहेर धाव घेतली.

"रेजाँ! अरे रेजाँ! पळायला लागला बघ रस!"

रात्री उणे आठ, सकाळी लख्ख ऊन, वारा पश्चिमेचा. मेपलच्या झाडांना आणखी काय हवं असतं? तीन आठवडे नुसतं थेंब थेंब करून रडवल्यावर आज पहिल्यांदा निळ्या नळ्यांमधून रस नीट उतरायला लागला होता. क्वेबेकमधल्या आमच्या बोस भागात अशा दिवशी माणसं दवाखान्याची वेळ रद्द करतात, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवतात. आणि लेसारांच्या घरी नेमकी आजच सरकारी बाई येणार होती.

"आजच कडमडायचं होतं तिला," रेजाँ पंपाला तेल घालत कुरकुरला.

"बाबा, वेळ तुम्हीच दिली होती," जोसियान म्हणाली. तिच्या काखेत टॅबलेट होता, दोन दिवस ती तो उशाशी घेऊनच झोपत होती. "एकतीस तारखेला योजना बंद होते. त्याआधी बाईंनी सगळं चालताना बघायला हवं आणि तुम्हा तिघांच्या सह्या व्हायला हव्यात. तरच सरकार निम्मा खर्च देणार. नाहीतर नळ्यांच्या चौदा ओळींवरचे चौदाच्या चौदा सेन्सर उतरवून परत."

"रोज सांगतेस."

"आज शेवटचं सांगतेय."

तिचा आवाज जरा चढलाच. चढणार नाही तर काय? नाताळच्या जेवणात रेजाँनं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की दोन वर्षं रस घटत चाललाय, झाडं म्हातारी झाली, आपणही झालो. ही नवी यंत्रणा सरकारी मदतीनं बसली आणि चालली, तर रान जोसियानचं. नाही चालली तर शेजारच्या दोयोंला विकून टाकायचं. चौतिसाव्या वर्षी क्वेबेक शहरातली पगाराची नोकरी सोडून ती या रानासाठी परत आली होती. दोयों तर गेल्या रविवारी चर्चमधून येताना कुंपणाशी थांबून, कुठली झाडं ठेवायची आणि कुठली तोडायची ते बोटानं मोजतही होता.

आणि एक गोष्ट जोसियाननं कुणालाच सांगितली नव्हती. टॅबलेटवर तेरा ओळी हिरव्या दिसत होत्या. अकरावी, टेकडीच्या माथ्यावरची, गेले बारा दिवस लाल होती. लाल म्हणजे नळी कुठंतरी फुटलीय, हवा आत शिरतेय. पहिल्याच दिवशी तिनं लोरिएकाकांना विचारलं होतं. काका म्हणाले, "जाऊन आलो. ठणठणीत आहे. तुझा डबाच खोटं बोलतोय." विषय संपला. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं. तिनं सेन्सरच्या कंपनीला फोन करून शिव्या घातल्या, नवा मागवला, तो अजून आला नव्हता. आज तिची एकच प्रार्थना होती, बाईंची नजर अकरावर पडू नये.

*

नादेज बाई सव्वादहाला आल्या. पस्तिशीच्या, स्वतः दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी, पायात खरे शेणातले बूट. गिलेनला त्या बघताक्षणी आवडल्या, कारण त्यांनी आल्या आल्या विचारलं, "हा वास कसला? डुकराच्या कुरकुरीत वड्या तळताय का?"

"बसा बसा. आधी खाऊन घ्या. सरकारी कागद काय, भरल्यापोटी पण तेवढेच कंटाळवाणे."

गिलेन ही तिघा भावंडांत धाकटी, त्रेसष्टची. काबानचं स्वयंपाकघर आणि टेलिफोन तिच्या ताब्यात. मोठा लोरिए, बहात्तरचा, बिनलग्नाचा. मधला रेजाँ. तिघांची नावं रानाच्या कागदावर सारख्या हिश्शानं, म्हणून तिघांच्याही सह्या.

तेवढ्यात दार ढकलून लोरिए आत आला. बर्फावर चालायचे जाळीचे बूट त्यानं भिंतीला टेकवले, टोपी काढली आणि रोजच्यासारखं म्हणाला, "वरपासून खालपर्यंत फिरून आलो. ओळी ठीक."

गिलेननं वड्या उलटल्या. तिनं मान वर केली नाही.

"हे माझे काका," जोसियान नादेजना म्हणाली. "वरची टेकडी यांची. अठराव्या वर्षापासून."

"यांची म्हणजे?"

"म्हणजे तिथं दुसऱ्या कुणी पाऊल ठेवायचं नाही," रेजाँ हसून म्हणाला. "झाडांना भोकं पाडायला फेब्रुवारीत मजूर येतात तेवढेच. त्यानंतर वरच्या नळ्या कुठं फुटल्या, खारींनी कुठं कुरतडल्या, ते दादा बघतो. आमच्या वडिलांनी लावून दिलेला कायदा आहे. मी एकदा न विचारता वर गेलो, तर आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी."

"दोन आठवडे," लोरिए म्हणाला. मग त्यानं बाईंकडे बघितलं. "तर हे तुमचं यंत्र. इथं बसल्या बसल्या सांगणार, चार हजार झाडांत नळी कुठं फुटली ते?"

"झाड नाही सांगणार, ओळ सांगेल. मग तुम्ही चालत जायचं."

"म्हणजे चालणं सुटत नाहीच."

"नाही. पण कुठं चालायचं ते कळतं."

"मला पन्नास वर्षं यंत्राशिवाय कळतंय." तो खुर्चीत टेकला नाही. त्याच्या डोळ्यांत मिश्कील चमक होती. लहानपणापासून ती चमक जोसियान ओळखत होती. "बाई, तुमची हरकत नसेल तर एक परीक्षा घेऊ. सगळ्यांसमोर."

"काका, कसली परीक्षा?"

"येताना मी एक नळी उपटून आलोय. मुद्दाम. कुठली ते फक्त मला ठाऊक. सांग म्हणावं तुझ्या डब्याला."

"दादा! आज? रस पळतोय आणि तू नळी उपटलीस?" रेजाँ ओरडला.

"एक पिंप गेलं तर जाऊ दे. खोटं यंत्र गळ्यात पडण्यापेक्षा बरं."

जोसियाननं टॅबलेट टेबलावर ठेवला. चौघांची डोकी वाकली, पाचवं गिलेनचं, झारा हातात घेऊन.

"तीन!" जोसियान किंचाळलीच. "तिसरी ओळ! नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पंपाची ओढ गेली. काका, तिसरीच ना? सांगा ना, तिसरी?"

लोरिएनं टोपी टेबलावर ठेवली. मग त्यानं खुशाल टाळ्या वाजवल्या, दोनच, पण मनापासून. "तिसरी. झऱ्याजवळची. नऊ अठ्ठावन्न मला माहीत नाही, पण तेवढेच वाजले असतील."

"मग? मग?" रेजाँ आता पोरासारखा झाला होता. त्यानं बाईंच्या पाठीवर थापच मारायची बाकी ठेवली. "नऊ अठ्ठावन्न! गिलेन, ऐकलंस? मी जाऊन तीन जोडून येतो, तुम्ही कागद काढा!"

तो धावतच गेला. झरा जवळच होता. पाच मिनिटांत टॅबलेटवरची तिसरी ओळ लालाची हिरवी झाली, आणि गिलेननं आनंदानं बाईंच्या ताटात आणखी चार वड्या वाढल्या. पंचाहत्तर सालच्या मोठ्या हंगामानंतर या काबानमध्ये इतका गलका झाला नव्हता.

रेजाँ धापा टाकत परतला तेव्हा नादेज बाई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"आणि ही अकरावी?"

*

जोसियाननं टॅबलेट स्वतःकडे ओढला. "तो सेन्सर खराब आहे. नवा मागवलाय."

"खराब आहे हे कशावरून?"

"काका रोज वर जाऊन येतात. ओळ ठीक आहे म्हणतात."

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

नादेजनी काटा खाली ठेवला. बाई भांडखोर नव्हत्या, पण कागदावर सही करायची म्हणजे त्यांना स्वतःची खात्री हवी होती. "मला एक समजत नाही. तीनवर यंत्र मिनिटासकट खरं बोललं, हे मस्यू लोरिएंनीच सिद्ध केलं. मग तेच यंत्र अकरावर खोटं का बोलेल?"

लोरिएला आपणच खणलेला खड्डा आता दिसला. त्याचे कान लाल झाले.

"काका," जोसियान हळूच म्हणाली, "मी एकदा वर जाऊन बघू?"

"दादा जाऊन आलाय म्हणाला ना?" रेजाँचा आवाज लगेच कडक झाला. "माझा भाऊ सांगतोय आणि तुला तपासणी करायचीय? त्याची? पाहुण्यांसमोर?"

"बाबा, तपासणी काकांची नाही, सेन्सरची."

"एकच झालं ते. मग ही यंत्रं घरात नकोतच मला. ने म्हणावं कंपनीला परत."

झालं! दहा मिनिटांपूर्वी नाचणारा माणूस भावासाठी सगळं मोडायला निघाला. आमचे लेसार असेच. जोसियानला रडू फुटायच्या बेतात होतं. तिला राग आला बाबांचा, काकांचा, त्या लाल रेघेचा, सगळ्यांचाच.

"जाऊ दे तिला," गिलेन म्हणाली.

"काय?"

"जाऊ दे म्हणाले. वर." तिनं गॅस बंद केला. कधी नव्हे ते तिनं रेजाँच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. "जोसियान, करवत घेऊन जा. आणि जोडण्या घे, दोन-चार जास्तच. जा, पळ!"

लोरिएनं बहिणीकडे बघितलं. गिलेननं नजर वळवली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली दोन वर्षं ती एकच दृश्य बघत होती. दादा सकाळी जाळीचे बूट घालून निघायचा, टेकडीच्या पायथ्याशी जुन्या घसरगाडीच्या आडोशाला ओंडक्यावर बसायचा, तासभर दोन्ही गुडघे चोळत राहायचा आणि परत यायचा. ओळी ठीक. ती कुणाला बोलली नव्हती. बोलली असती तर दादा जागच्या जागी मेला असता, असं तिला वाटायचं. पण आज पोरीचं तोंड बघून तिच्यानं राहवेना.

*

चढ असा की वरच्या अर्ध्या भागात हातही टेकावे लागतात. जोसियान धापा टाकत चढत होती, पाठीवर करवत, खिशात जोडण्या, आणि दोन्हीकडं नळ्यांमधून रस सुळसुळ खाली पळत होता. इतका रस! छाती फुटेल की काय असं तिला वाटत होतं, पण थांबवत नव्हतं.

माथ्यावर पोचायच्या आधीच तिला ते ऐकू आलं. बारीक, सतत, सूंऽऽ करणारी हवा.

एक जाडजूड बर्च आडवा पडला होता, थेट मुख्य नळीवर. नळी दोन तुकड्यांत. आणि भोवताली गुडघाभर बर्फ, वरचा थर कडक, त्यावर सशाच्या पावलांशिवाय एकही खूण नाही. ना जाळीच्या बुटांची, ना कशाची.

ती तिथंच बसली. काका आलेच नव्हते. बारा दिवस नव्हते आले. मग तिला गेल्या वर्षीचा हंगाम आठवला, त्याच्या आधीचा आठवला, बाबा उन्हाळाभर झाडांकडे बघून उसासे टाकायचे ते आठवलं. एका ओळीत हवा शिरली की सगळ्या ओळींची ओढ कमी होते. दोन वर्षं!

आधी तिला संताप आला. असा आला की तिनं मोठ्यानं शिवी दिली, आमच्याकडे देतात तशी, चर्चमधल्या सगळ्या पवित्र वस्तूंची नावं घेऊन. मग तिला काकांचे गुडघे आठवले. जिना उतरताना ते कठडा धरतात. आपण बघितलं होतं, आणि तरी बघितलं नव्हतं. तिचा राग तिथंच अडकला.

तिनं करवत काढली.

खाली काबानमध्ये रेजाँ सगळ्यांकडे पाठ करून पंपाशी उभा होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी पंपाचा आवाज बदलला, जड झाला. ओढ दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा बारा दिवस वीसवर अडकून बसलेला. तो हलला. एकवीस. तेवीस.

"अरे," रेजाँ म्हणाला.

पंचवीस. सव्वीस.

आणि मग टाकीत रस कोसळला. धो धो. मनगटाएवढ्या नळीतून पांढरा फेसाळ लोट, टाकीच्या पत्र्यावर असा आपटला की नादेज बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"हे काय! हे काय झालं!"

"सव्वीस!" रेजाँ बेंबीच्या देठापासून ओरडला. "सव्वीस, गिलेन! दोन वर्षांत सव्वीस बघितलं नव्हतं मी!" त्यानं बहिणीला धरून गरकन फिरवलं, झाऱ्यासकट. तिच्या हातावरचं पीठ त्याच्या दाढीला लागलं. लोरिए कधी उठला, गुडघे विसरून टाकीशी कधी पोचला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं ओंजळ पुढं केली, गार रस प्यायला, आणि पुन्हा ओंजळ भरली. झाडं चांगली होती. त्याची झाडं चांगलीच होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

*

जोसियान आली ती कमरेपर्यंत ओली, गाल लालबुंद. रेजाँ तिला मिठी मारायला धावला.

"काय होतं वर?"

"बर्च पडला होता. नळीवर. जोडली मी."

"शाब्बास! शाब्बास गं माझी पोर!"

नादेजनी पेन उघडलं. "म्हणजे सेन्सर बरोबर होता. फक्त नोंदीपुरतं विचारते, झाड कधी पडलं असावं?"

जोसियाननं काकांकडे बघितलं. ते टाकीशी उभे होते, हातातून रस ठिबकत होता. काही मागत नव्हते ते तिच्याकडे. तेच तिला सहन होईना.

"आज," ती म्हणाली. "सकाळी. काका वरून आल्यावर पडलं असेल."

"पण इथं तर बारा दिवस लाल आहे." नादेज बाई गोंधळल्या. "झाड आज पडलं असेल, तर आधीचे बारा दिवस यंत्र चुकत होतं. तसं लिहावं लागेल मला. आणि तसं लिहिलं, तर यंत्रणा भरवशाची आहे यावर मी सही करू शकत नाही. समजतंय ना तुम्हाला?"

जोसियानला समजत होतं. रान समजत होतं, दोयोंचं मोजणारं बोट समजत होतं.

"लिहा," ती म्हणाली.

"काही लिहू नका!"

लोरिएचा आवाज इतका मोठा आला की सगळेच दचकले.

"बारा दिवस बरोबर आहेत. बारा दिवसांपूर्वी वारा सुटला होता, तेव्हा पडला असणार तो बर्च. मी वर गेलो नव्हतो. आजही नाही, कालही नाही. दोन वर्षं झाली, मी त्या टेकडीवर गेलो नाही."

रेजाँला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणतोयस तू?"

"पाय चढत नाहीत माझे. झऱ्यापर्यंत जातो, पुढं नाही. खाली बसतो आणि परत येतो."

"दोन वर्षं! लोरिए, दोन वर्षं मी या झाडांना म्हातारी म्हणतोय! पोरीला सांगत होतो की रान संपलं! विकायला निघालो होतो मी!"

"झाडांना काही झालेलं नाही. म्हातारा मी झालो."

"सांगायचं नाही? मला? सख्ख्या भावाला?"

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी दोयोंला फोन केला असतास." लोरिएचा श्वास लागला होता. "खरं सांग. केला असतास की नाही?"

रेजाँनं नजर पंपाकडे वळवली. कारण केला असता. दादा चढत नाही म्हटल्यावर वर जाणार कोण, हा प्रश्न त्याला पडला असता, आणि घरात तरणी मुलगी आहे हे उत्तर त्याला सुचलं नसतं.

"मला माहीत होतं," गिलेन म्हणाली. "खिडकीतून दिसतं. माझ्यावर पण ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे, नंतर मला वेळ नाही."

रेजाँ आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. मग तो मट्कन बाकावर बसला आणि त्याला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून. "आणि वर परीक्षा घेतोय यंत्राची! स्वतःच नळी उपटतोय!"

"नापास होईल असं वाटलं होतं मला," लोरिए म्हणाला, आणि तोही हसायला लागला, ओल्या डोळ्यांनी.

सह्या झाल्या. गिलेनची पहिली, पिठाच्या बोटासकट. रेजाँची. लोरिएनं चष्मा लावून, सावकाश, शाळेतल्यासारखी केली. नादेज बाईंनी पान उलटलं.

"एक जागा राहिली. यंत्रणेवर रोज कोण लक्ष देणार, काम कुणाच्या हुकमानं चालणार, त्या व्यक्तीचं नाव."

सवयीनं रेजाँ म्हणायला गेला, लोरिए. तोंडात शब्द आलाही होता.

"जोसियान," लोरिए म्हणाला. "तिचं लिहा. वर ती जाऊन आलीय."

बाईंचं पेन थांबलं. त्या रेजाँकडे बघत होत्या. गिलेनही बघत होती. जोसियान कुणाकडेच बघत नव्हती, ओल्या हातमोज्याचा एक धागा ती ओढत होती, ओढतच होती.

रेजाँनं बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि ते नाव स्वतःच लिहिलं. जोसियान लेसार. ठळक.

त्याच क्षणी टाकीतून रस बाहेर सांडायला लागला. गिलेन किंचाळली, लोरिए "झडप, झडप फिरवा" करत ओरडला. रेजाँ लाकडाच्या ढिगाकडे धावला, एक काकडा पेटवून रस आटवायच्या भट्टीच्या दाराशी पोचला, आणि थबकला. आमच्या बोसमध्ये रानाच्या मालकानं सांगितल्याशिवाय हंगामाची पहिली भट्टी पेटत नाही. चाळीस वर्षं तो स्वतःच सांगत आला होता, स्वतःच पेटवत आला होता. तो मागं वळला.

"जोसियान," त्यानं विचारलं, "पेटवू का?"

तिनं दोनदा मान हलवली, मग एकदम ओरडली, "पेटवा, बाबा! पेटवा लवकर!"